आपोआप सुरू होणारं काहीही

काकांना घरी बोलवायचं म्हणजे आदल्या दिवशी मीटरची पेटी झाडून ठेवावी लागे. माणूस दारात आला की चप्पल काढायच्या आत विचारी, "मेन कुठाय?" पाणी नाही, बसणं नाही, कसे आहात नाही. आधी मेन स्विच बघायचा, दांडा नीट खाली येतो का ते हलवून बघायचं, फ्यूजच्या तारेकडे बघून नापसंतीची मान हलवायची आणि मग टेकायचं. आमच्या सत्यनारायणाला आले तेव्हाही तेच. भटजी संकल्प सांगत होते आणि काका पडवीतल्या पेटीत डोकं घालून उभे. शेवटी माझ्या नवऱ्याने हात जोडले. "काका, परसाद तरी घ्या. मग काय ता बघा."

"घेतो रे. पण ही तार फार जाड आहे. ही वितळणारच नाही. तिच्याआधी तू वितळशील."

पूजेच्या घरात असं बोलतात का? पण काका बोलत, आणि बोलून झालं की खरंच काळजीने आपल्याकडे बघत. त्यामुळे रागही धरता येत नसे.

हे सगळं दोन हजार सालानंतरचं, रत्नागिरीतलं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बर्फाचा कारखाना होता. लाँचवाले तिथून बर्फ भरून समुद्रात जात. मी तिथे ऑफिसात बिलं करायची, हे तिथेच फिटर होते. आणि काका होते. ते तिथे नेमके कोण होते हे कुणालाच सांगता आलं नसतं. उभा जन्म जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला, निवृत्त झाल्यावर भाट्याच्या पुलापलीकडे घर बांधलेलं, आणि घरात बसवेना म्हणून रोज कारखान्याची वीज बघायला यायचे. शेठ त्यांना मानत. बाकीचे त्यांना टरकून असत. त्यांच्या रागाला नव्हे, काका रागावलेले मी कधी पाहिलेच नाहीत. त्यांच्या भीतीला आम्ही टरकायचो, कारण ती लागण होणारी होती. मला लागली ती अजून गेलेली नाही. आजही आमच्याकडे लाइट गेली की मी उठते आणि मिक्सरचं बटन बंद आहे ना ते बघून येते.

काकांना भीती एकाच गोष्टीची होती. आपोआप सुरू होणाऱ्या वस्तूची. एरवी माणूस धीट. पावसाळ्यात भाट्याच्या पुलावर वारा माणसाला आडवा करतो, तिथून काका सायकलवर येत. साप निघाला तर काठीने बाजूला सारत आणि त्याला दोन शब्द समजुतीचे सांगत. पण शेजाऱ्याने टाकी भरली की बंद होणारा आणि रिकामी झाली की सुरू होणारा पंप बसवला, तेव्हा काकांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली. "माणसाने सुरू केलेलं माणूस बंद करतो," ते म्हणायचे. "आपलं आपण सुरू झालेलं कुणाचं ऐकणार?"

त्यांच्या घरी दाराला घंटी नव्हती. होती, पण तार कापलेली. ज्याला यायचंय तो हाक मारील. गजराचं घड्याळ होतं, त्यातला गजराचा हातोडा काढून ठेवलेला. गॅसचा रेग्युलेटर प्रत्येक चहानंतर निघायचा. काकू बिचाऱ्या सोशिक, पण तोंडाने तिखट. एकदा मला म्हणाल्या, "ह्यांना झोपेत श्वास आपोआप चालतो ना, त्याचीही धास्ती आहे. म्हणून झोपत नाहीत नीट."

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी त्यावर विचार केल्यासारखा चेहरा केला, आणि मलाच कसंतरी झालं.

कारखान्यात त्यांची एक सवय होती. कुठल्याही यंत्राला कुणी हात लावणार असेल तर त्या यंत्राच्या फ्यूजची चिनीमातीची ग्रिप आधी काढायची आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायची. नुसता स्विच बंद केलेला त्यांना चालत नसे. "स्विच कुणीही वर करील. माझ्या खिशात हात घालायला मात्र मला विचारावं लागेल." त्यांचा खिसा त्या ग्रिपांनी कायम एका बाजूला लोंबलेला असे. कधी कधी ते तसेच घरी निघून जात. मग क्रेन बंद, लाँचवाले शिव्या देतायत, आणि आमच्यातला कुणीतरी सायकल हाणत भाट्याला. हे एकदा चिडून म्हणाले, "काका, तुमचा खिसाच इथे ठेवून जात चला."

एवढी भीती आली कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तेही अर्धं. जहाज कुठल्याशा परक्या बंदरात उभं होतं. विंच म्हणजे माल उचलायचं यंत्र, त्याचा दोर अडकला होता आणि काकांच्या हाताखालचा माणूस तो सोडवायला वाकला होता. वीज गेलेली होती, म्हणून तर तो वाकला. मग वीज आली. काका एवढं बोलले आणि कपातला चहा बघत राहिले. मी विचारलं, "मग?"

"मग काय. त्याची पेटी मीच पोचवली त्याच्या घरी. मंडणगडच्या पुढे गाव आहे. एसटीतून उतरून डोंगर चढायचा होता. पेटी हलकी होती."

पुढे विचारायची मला हिंमत झाली नाही. पेटी हलकी होती हे वाक्य मात्र मी घरी घेऊन आले. यांनाही सांगितलं.

तर अशा माणसाच्या ताब्यात शेठनी कॉम्प्युटर दिला. मुंबईचा कुणी व्यापारी शेठना सांगून गेला की आता बर्फसुद्धा कॉम्प्युटरवर बनतो. शेठना ते पटलं. बर्फाच्या कारखान्यात जमिनीत एक मोठी टाकी असते, तिच्यात खारं पाणी. त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले डबे बुडवून ठेवतात, त्यांच्या लाद्या होतात. खारं पाणी अमोनियाच्या नळ्यांनी गार होतं आणि ते सारखं फिरतं राहावं म्हणून टाकीच्या एका अंगाला पाण्याखाली पंखा असतो. पंखा म्हणजे घरातला नव्हे. लाँचला असतो तसला, जाड पात्यांचा, माणसाच्या छातीएवढा. हा पंखा थंडावा बघून कॉम्प्युटरने सुरू-बंद करावा आणि अमोनियाची गळती झाली तर भोंगाही त्यानेच वाजवावा, असं ठरलं. बिलंही त्याच्यावरच.

काकांनी नाही म्हटलं नाही, हे मला तेव्हा नवल वाटलं होतं. नंतर कळलं. दुसऱ्या कुणाच्या हातात हे यंत्र जाईल याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

ते स्वतःच शिकले. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी त्यात लिनक्स घातलं, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम. दुसरं काही नको म्हणाले, कारण यात सुरू होताना आत काय काय उठतं ते ओळीने पडद्यावर दिसतं. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर, आणि टेबलाखाली काकांनी बनवलेला एक पत्र्याचा डबा. कॉम्प्युटरची प्रिंटरला जाणारी तार काकांनी त्या डब्यात नेली होती. डब्यात रिले होते. रिले म्हणजे विजेवर चालणारं छोटं बटन. कॉम्प्युटरने तारेत इशारा दिला की डब्यात 'टक' असा आवाज होई आणि तिकडे टाकीवर पंखा फिरू लागे. हा 'टक' माझ्या गुडघ्यापाशी व्हायचा. पहिले काही दिवस मी पाय वर घेऊन बसत होते.

मशीन सुरू करताना काका समोर खुर्ची घेऊन बसत आणि पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून चौकशी करत. "तू कोण? आवाजाचा? इथे गाणी लावायचीत काय? तू कोण? मोडेमचा? फोन आहे की हातात घ्यायला." हे आत उठणारे छोटे छोटे प्रोग्राम, त्यांना मॉड्यूल म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कोकणात लग्नघरी न बोलावता कामाला उभे राहणारे असतात ना, तसे. कुणी सांगितलेलं नसतं, पण आला तो पळी हातात घेतो. एक दिवस काका फारच अस्वस्थ होऊन मला म्हणाले, "अगो, बर्फाच्या कारखान्यात जॉयस्टिक कशाला हवीय? पोरांचा खेळ तो. तो कशाला उठतो?"

"उठू दे ना काका. बसून राहील आपला."

"बसून राहतो असं तुला वाटतं. रिकामा माणूस बसून राहिलेला बघितलायस कधी?"

मग त्यांनी नको असलेल्यांची नावं एका फायलीत लिहायला सुरुवात केली. प्रत्येक नावाआधी 'ब्लॅकलिस्ट' हा शब्द. ती फाइल मशीन सुरू होताना वाचली जाते, आणि त्यातल्या नावाला मशीन आपण होऊन उठवत नाही. आवाजाचा गेला, मोडेमचा गेला, जॉयस्टिक गेली. मी याला काकांचं जातीबाहेर टाकणं म्हणायची. पण एक नाव त्यांनी सगळ्यांत वर लिहिलं होतं, आणि ते लिहिताना चेष्टा नव्हती. एलपी. प्रिंटरचं मॉड्यूल.

झालं होतं असं की मशीन सुरू करताना सुरुवातीपासूनच पंखा एक गचका खायचा, मग काकांचा प्रोग्राम उठून त्याला आवरायचा. काकांनी आपला प्रोग्राम बंद ठेवून डब्याला पंख्याऐवजी छोटे बल्ब जोडून बघितलं. मशीन सुरू होताना एका ठराविक ओळीला एकाआड एक बल्ब पेटले आणि पेटलेलेच राहिले. त्या ओळीला एलपी आणि त्याचे जोडीदार उठत होते. उठले की ते पहिल्यांदा तारेत वीज सोडून बघतात, पलीकडे कोण आहे म्हणून. तारेच्या टोकाला प्रिंटर असेल तर तो उत्तर देतो. आमच्या तारेच्या टोकाला पंखा होता.

काकांचा स्वतःचा प्रोग्राम त्या तारेशी थेट बोलायचा, त्याला एलपीची गरज नव्हती. तेव्हा एलपी काळ्या यादीत गेला, बल्ब अंधारात राहिले, पंख्याचा गचका थांबला. त्या दिवशी काकांनी चहाबरोबर खारी खाल्ली. एरवी खात नसत.

अशी दोनेक वर्षं बरी गेली. मग लोडशेडिंग आलं. दिवसातून केव्हाही लाइट जायची आणि केव्हाही यायची. लाइट आली की मशीन आपलं आपण सुरू होई. हे काकांना आवडण्यासारखं नव्हतंच, पण शेठनी तसं करून घेतलं होतं आणि त्यांचंही बरोबर होतं. ऑफिसात कुणी नसताना लाइट येऊन गेली तरी अमोनियाचा भोंगा तयार हवा. काकांनी ऐकलं. पण लाइट येण्याच्या सुमाराला ते जिथे असतील तिथून उठून माझ्या टेबलापाशी यायचे आणि ओळी संपेपर्यंत उभे राहायचे. मी बिलं करत असले तरी माझे हात थांबायचे. डब्याकडे कान लावून आम्ही दोघं. काकांच्या प्रोग्रामची पाळी येईपर्यंत काही वाजायचं नाही. मग ते निघून जायचे.

पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून कारखाना बंद. त्या दिवसांत टाकी उपसून साफ करायची असते. वर्षभराचं शेवाळ, गंज, पडलेल्या फळ्यांचे तुकडे. गडी आपापल्या गावी लावणीला गेलेले असतात, दोघं-तिघं राहतात. टाकीत उतरून पंख्याच्या बाजूची सफाई यांच्याकडेच असायची, कारण पंख्याचं बेअरिंगही तेव्हाच बघायचं असे. पंखा तेव्हा उघडा असतो. पाण्याबाहेर बघितलं की तो फारच मोठा वाटतो. मी दरवर्षी एकदा वरून डोकावून बघायची आणि मग बघायची नाही.

काका सफाईच्या दिवसांत पंख्याच्या फ्यूजची ग्रिप खिशात घालूनच फिरत. त्या वर्षी मात्र शेडमध्ये मिट्ट काळोख होता. आभाळ उतरलेलं, पत्र्यावर धो धो. टाकीत हातातला दिवा लागणार होता आणि दिव्याची वायर पोचत होती ती पंख्याच्याच बोर्डापर्यंत. ग्रिपशिवाय त्या बोर्डात वीज नव्हती, म्हणून हे काकांकडे ती मागायला आले.

"कशाला हवीय?"

"बल्बाला, काका. खाली काय दिसत नाय."

"दुसऱ्या बोर्डावरून घे."

"वायर पुरत नाय. आणि पंखा बंदच हाय, त्याचा बटन आता कॉम्प्युटरच्या हातात. तो तर तुमचा शिकवलेला."

काकांनी बराच वेळ घेतला. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. दोन वर्षं ते मशीन चुकलं नव्हतं. त्यांनी खिशातून ग्रिप काढून दिली. मला ते बरं वाटलं, हे खरं. म्हटलं, सुधारले म्हातारे.

दुपारी लाइट गेली. काका माझ्या टेबलाशी चहा पीत होते. लाइट आली, मशीन सुरू झालं, ओळी येऊ लागल्या. आम्ही सवयीने गप्प झालो.

टक.

माझ्या गुडघ्यापाशी. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, तो माणसाचा राहिला नव्हता. कप कुठे गेला कुणास ठाऊक, साठीचा माणूस दारातून पावसात धावत सुटला आणि त्यांच्यामागे मी. अंगण ओलांडताना मी यांना हाका मारत होते. पत्र्यावरच्या पावसात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. काका बोर्डाकडे वळले. त्यांनी ग्रिप खेचली तेव्हा ठिणगी उडालेली मला दिसली आणि शेडमध्ये परत अंधार झाला. मी टाकीच्या काठाशी पोचले. खाली पंखा हळूहळू थांबत होता आणि त्याच्या दांड्याला यांचा शर्ट गुंडाळला गेला होता. पिळलेला. बाही फिरत होती.

मी तिथेच खाली बसले. मला कुणाला हाक मारायची तेही सुचेना. त्या बाहीत हात आहे की नाही, एवढंच मी बघत होते, आणि अंधारात ते दिसत नव्हतं.

"काय झाला?" कोपऱ्यातून आवाज आला. हे उघड्या अंगाने भिंतीला चिकटून उभे होते. लाइट गेल्यावर काम थांबलं, घामाने भिजलेला शर्ट यांनी काढून पंख्याच्या पात्यावर वाळत घातला होता आणि पात्यालाच टेकून बसले होते. लाइट आली म्हणून ब्रश घ्यायला कोपऱ्यात गेले. तेवढंच.

यांना वर घेतल्यावर मी यांच्या हाताला धरून राहिले ते सोडेचना. शेजारी काका उभे होते, ग्रिप मुठीत. ते एकच म्हणत होते, "मीच दिली. मीच दिली हो."

दुसऱ्या दिवशी गड्यांनी सांगितलं, टाकीत उतरणार नाही. शेठ म्हणाले, नारळी पौर्णिमेला लाँच निघणार, तोवर टाकी तयार हवी, हे गडी उतरणार नसतील तर दुसरे आणतो. आणि मी शेठच्या समोर म्हटलं, "आणा दुसरे. माझा माणूस मी आत पाठवणार नाही." नोकरी गेली असती तर आम्ही दोघांनी काय खाल्लं असतं मला ठाऊक नव्हतं. पण रात्रभर ती बाही माझ्यासमोर फिरत होती.

काका मशीनसमोर बसले. यादी उघडली, त्यात एलपीचं नाव होतं तिथेच होतं. तरी तो उठला होता. त्यांनी एकेक ओळ तपासली आणि संध्याकाळकडे खुर्ची मागे सरकवली.

"अगो, मीच बोलावलाय त्याला."

उन्हाळ्यात शेठना बिलं छापून हवी होती, म्हणून काकांनी नवा प्रिंटर लावला होता, निराळ्या तारेचा. त्याबरोबर छपाईची व्यवस्था आली. ती व्यवस्था मशीनबरोबर सुरू होते, आणि सुरू झाली की एलपीला नाव घेऊन हाक मारते, लागो न लागो. काळी यादी अडवते ती आपण होऊन येणाऱ्याला. कुणी नाव घेऊन बोलावलं तर ती आड येत नाही. हंगामात त्याच सुमाराला काकांचा प्रोग्रामही पंखा सुरू करी, त्यामुळे त्या हाकेला डबा वाजला तरी तो त्याचाच 'टक' वाटे. पावसाळ्यात काकांचा बर्फाचा प्रोग्राम बंद, म्हणजे पंख्याला थांब म्हणणाराही कुणी नाही.

"मग तार काढून टाका ना डब्याची," मी म्हटलं.

"नळ्यांत अमोनिया आहे. भोंगा त्याच तारेवर आहे. तार काढून खाली माणूस पाठवू?"

"ग्रिप काढून ठेवा."

"ठेवणारच. दिवाही दुसरीकडून आणतो. पण ग्रिप माणूस काढतो गो. आणि माणूस ती देतो. काल दिलीच की मी. हंगामात पंख्यात फळी अडकते, तेव्हा तुझा नवरा पोटापर्यंत पाण्यात उतरतो, तेव्हा घाईत ग्रिप कोण काढतं? मशीनही गप्प राहायला हवं."

त्यांनी फायलीत नवी ओळ लिहिली. तिचा अर्थ मला समजावून सांगितला. एलपीला कुणीही बोलावलं तर मशीनने त्याला उठवायचं नाही, आणि बोलावणाऱ्याला सांगायचं, उठवला. मी म्हटलं, "म्हणजे हो म्हणायचं नि करायचं नाही."

"आपल्याकडची रीत," काका म्हणाले. त्या दिवसांत त्यांनी केलेला तो एवढाच विनोद. त्याच्या जोडीदारांसाठीही तशाच ओळी लिहिल्या. मग बल्ब जोडून बघितलं. मशीन पुन्हा पुन्हा सुरू केलं. बल्ब पेटले नाहीत.

सकाळी त्यांनी गड्यांना, यांना आणि मला बोलावलं. बल्ब दाखवले. गडी बघून मागे सरले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मागल्या वेळेला पण बल्ब विझलेलेच होते ना, काका."

काकांना ते लगेच पटलं. "बरोबर आहे. बल्बाला बोटं नसतात." त्यांनी डब्याला परत पंखा जोडला. मग आम्हाला घेऊन टाकीपाशी आले, सावकाश चपला काढल्या, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ऑफिसात जा. मी हाक मारली की मेन खाली कर, थोडं थांब आणि वर कर. लाइट येते तशी." यांना म्हणाले, "तू बोर्डापाशी उभा राहा. ग्रिप लावलेली राहू दे. पंखा हलला तर खेच."

"तुम्ही कुटं?" हे म्हणाले.

काका तोवर शिडीवर होते. मी वरून बघितलं. ते खाली उतरले, पंख्याजवळ बसले आणि एक हात दोन पात्यांच्या मधे घातला, मनगटापर्यंत.

मी नाही म्हटलं. काका, नका, म्हटलं. ग्रिप खेचायच्या आत पातं फिरलं असतं हे मला दिसत होतं, तर त्यांना दिसत नव्हतं थोडंच. त्यांनी मान वर केली नाही. "जा गो," एवढंच म्हणाले.

मी ऑफिसात गेले. त्यांचा चष्मा पदराला बांधून ठेवला, फुटेल म्हणून. शेडच्या दारातून एका गड्याने त्यांची हाक पुढे दिली. मी मेन खाली केला. थांबले. वर करायला हात जाईना. जगात कुणाचं काहीही अडलेलं नव्हतं, मी तो दांडा वर केला नसता तर कुणी मला विचारलं नसतं. पण ते तिथे हात घालून बसले होते आणि मी जितकी थांबेन तितके ते बसणार होते. मी दांडा वर केला.

मशीन जागं झालं. ओळी येऊ लागल्या. मी टेबलाखाली शिरून डब्यावर तळहात ठेवला. आवाज चुकला तर हाताला तरी कळेल म्हणून. तिथूनच मान वाकडी करून पडदा बघत होते. आवाज नाही, मोडेम नाही, जॉयस्टिक नाही. मग छपाईची ओळ आली. ती ओळ तिथे केवढा वेळ राहिली. माझ्या तळहाताखाली पत्रा गार होता. ओळ पुढे सरकली, तिच्यामागून बाकीच्या सरकल्या, आणि मशीन नाव विचारत उभं राहिलं. डबा वाजला नव्हता. मी तरी हात काढला नाही. आता वाजेल, आता वाजेल असं वाटत राहिलं, आणि मला रडू आलं.

शेडमध्ये पोचले तेव्हा यांनी ग्रिप काढली होती आणि काकांना वर आणायला हे खाली उतरले होते. यांनी त्यांना पोतं उचलावं तसं खांद्यावर घेतलं आणि शिडी चढले. चहा आणला. काकांनी तोंडाला लावायच्या आत तो सगळा धोतरावर.

मला राग आला. भीती ओसरली की मला राग येतो. मी म्हटलं, "काका, एवढी खात्री होती मशीनची, तर मग एवढे घाबरलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा माझ्याकडेच होता, त्यामुळे त्यांचे डोळे लहान आणि अनोळखी दिसत होते.

"खात्री?" ते म्हणाले. "खात्री असती तर तुझ्या नवऱ्यालाच नसता का पाठवला?"

पाऊस पडत होता. हे थोडा वेळ काकांच्या शेजारी उकिडवे बसून राहिले, मग उठले, ब्रश घेतला आणि शिडी उतरून टाकीत गेले. मी त्यांना अडवलं नाही.